कमाई कोणाची?

फुलंब्री हें गांव छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे पूर्वींच्या औरंगाबादेहून, अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. शहरापासून अंतर सुमारें पंचवीस-तीस किलोमीटरांचें. तालुक्याचें ठिकाण असल्यामुळें तेथें तहसील आहे, पंचायत समिति आहे, बँका, शाळा, दवाखाने आहेत. भोंवतालीं कापूस, मका आणि आल्याचीं शेतें आहेत. परीक्षेच्या कामानिमित्त आम्हांस एकदां कांहीं दिवस ओळीनें तेथें सकाळीं जावें लागलें. त्या वेळीं रस्त्यावर जें दिसलें त्यांत नवीन असें कांहींच नव्हतें. मराठवाड्यांतील कोणत्याहि तालुक्याच्या गांवीं तें रोज दिसतें. परंतु रोज दिसणारी गोष्ट एकदां थांबून पाहिली म्हणजे तिच्याविषयीं आपण आजवर काय समजत होतों ह्याचीच शंका येऊं लागते.

सकाळीं आठ-साडेआठाच्या सुमारास ह्या रस्त्यावरून माणसांचे दोन प्रवाह एकमेकांस ओलांडून जातात. शहराकडून गांवाकडे येतात ते शाळामास्तर, प्राध्यापक, बँकेंतील कारकून, तहसिलींतील नोकर, दवाखान्यांतील डॉक्टर. ह्यांचीं घरें शहरांत, मुलें शहरांतल्या शाळेंत, आणि नोकरी तेवढी गांवीं. चार-पांच जणांनीं मिळून ठरविलेल्या मोटारींतून किंवा एस.टी.नें ते रोज ‘अपडाउन’ करतात. गांवाकडून शहराकडे जातात ते गवंड्याच्या हाताखालचे बिगारी, रंगारी, चिकलठाणा, शेंद्रा, वाळूज येथील कारखान्यांतले कंत्राटी कामगार, दुकानांतले नोकर, धुण्याभांड्याला जाणाऱ्या बाया, फटफटीला दुधाचे कॅन बांधलेले शेतकरी. रस्ता एक, अंतर एक, तिकिटाचे पैसेहि तेच. परंतु एका दिशेच्या प्रवासाच्या शेवटीं महिन्याचा पगार आहे. दुसऱ्या दिशेच्या प्रवासाच्या शेवटीं, काम मिळालेंच तर, त्या दिवसाची मजुरी आहे.

शहराकडून येणाऱ्या प्रवाहांत आतां सर्व जातींचीं माणसें दिसतात. पन्नास वर्षांपूर्वीं हें इतकें खरें नव्हतें, आणि आज तें खरें आहे ह्याचें श्रेय राज्यघटनेला, राखीव जागांना आणि शाळेंत गेलेल्या एका पिढीच्या चिकाटीला आहे. परंतु उलट दिशेचा प्रवाह पाहिला तर निराळेंच दिसतें. मजूर अड्ड्यावर उभें राहून आजच्या दिवसापुरता मालक शोधणाऱ्या माणसांत बौद्ध आहेत, मातंग आहेत, बंजारे आहेत, मुसलमान आहेत, माळी, धनगर आणि मराठेहि आहेत. आमच्या नात्यागोत्यांतलीं आडनांवें मात्र तेथें आम्हांस ऐकूं आलीं नाहींत. वर चढणाऱ्यांत सगळे आहेत, खालीं राहिलेल्यांत सगळे नाहींत. हा एकतर्फीपणा कशाचा, ह्या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

सुशिक्षित मध्यम वर्गाच्या घरांत ह्या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असतें. शिकला तो तरला. ज्यानें अभ्यास केला त्याला नोकरी लागली, ज्यानें केला नाहीं तो बिगारी झाला. अलीकडे ह्या उत्तराला ‘मेरिट’ असें एक सुटसुटीत नांव मिळालें आहे. उत्तर अगदींच खोटें आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शिक्षणानें मिळकत वाढते, आणि आळशी माणूस कोणत्याहि जातींत मागें पडतो. परंतु एका माणसाच्या बाबतींत जें उत्तर पुरेसें होईल तें एका समाजाच्या बाबतींत पुरत नाहीं. एखादा मुलगा आळशी असूं शकतो; सबंध वस्ती पिढ्यानपिढ्या आळशी कशी असेल? आणि जी वस्ती पहाटे पांचाला उठून डबा भरते तिला आळशी म्हणावयाचें तर उद्योगी कोणास म्हणावें?

अर्थशास्त्राच्या आद्य ग्रंथांत ह्या प्रश्नाची चर्चा आली आहे. अ‍ॅडम स्मिथ ह्यानें १७७६ सालीं प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रांच्या संपत्तीवरील ग्रंथांत असें प्रतिपादिलें कीं, ज्याला त्याला धंदा निवडण्याची पूर्ण मोकळीक असेल तेथें कष्टाच्या, किळसवाण्या आणि बेभरवशाच्या कामास मजुरी अधिक पडली पाहिजे. एरवीं तें काम करावयास कोण पुढें येईल? हा युक्तिवाद वर्गांत शिकवितांना मोठा गोड वाटतो. परंतु सुमारें पाऊणशें वर्षांनीं, १८४८ सालीं, जॉन स्टुअर्ट मिल्लनें दाखवून दिलें कीं प्रत्यक्षांत बहुधा ह्याच्या उलट घडतें. जीं कामें सर्वांत कष्टाचीं आणि किळसवाणीं, त्यांनाच सर्वांत कमी पैसे मिळतात. कारण तीं कामें निवडून घेतलेलीं नसतात, ज्यांना दुसरें कांहीं निवडण्याची सोय नाहीं त्यांच्या वांट्यास तीं आलेलीं असतात. स्मिथचें खंडन मिल्लनें केलें असें आपण म्हणतों खरें. परंतु स्मिथला ह्या अपवादाची जाणीव नव्हती असें नाहीं. त्यानेंच एके ठिकाणीं लिहून ठेविलें आहे कीं, एखाद्या धंद्याची मजुरी कित्येक पिढ्या तिच्या स्वाभाविक पातळीच्या खालीं दडपून ठेवणें हिंदुस्थान किंवा प्राचीन मिसर ह्यांसारख्या देशांतच शक्य आहे. कारण तेथें बापाचा धंदा मुलानें करावा हें धर्मानें ठरविलेलें असतें. स्कॉटलंडांत बसून त्या माणसाला आपल्या खेड्याचें मर्म कळलें होतें.

गटार साफ करणाऱ्या माणसाचें उदाहरण घ्या. कामांत जीव जाण्याचा धोका आहे, घाण आहे, अप्रतिष्ठा आहे. स्मिथच्या मोकळ्या बाजारांत ह्या माणसाला न्यायाधीशाइतका पगार मिळावयास हवा होता. हातानें मैला साफ करविण्यास बंदी करणारा एक कायदा १९९३ सालीं झाला, तो अपुरा पडला म्हणून दुसरा २०१३ सालीं झाला. तरी गटारांत गुदमरून माणसें मेल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतच असतात, आणि मेलेल्यांचीं नांवें वाचलीं म्हणजे त्यांच्या जाति निराळ्या विचारण्याचें कारण पडत नाहीं. १९३६ सालीं छापलेल्या जातिनिर्मूलनाच्या निबंधांत डॉ. आंबेडकरांनीं हाच मुद्दा स्पष्ट केला: जातिसंस्था म्हणजे नुसती कामाची वांटणी नव्हे, काम करणाऱ्या माणसांचीच ती उतरंडीनें केलेली वांटणी आहे. काम बदलतां येतें. उतरंडींतलें मडकें आपली जागा आपण बदलूं शकत नाहीं.

मजुरी कामाच्या मोलावर ठरते हा समज किती ठिसूळ आहे हें पाहावयास गटारापर्यंत जाण्याचीहि जरूर नाहीं. आमच्या अध्यापक-कक्षांत बसलें तरी पुरे. राज्यांतील पुष्कळ महाविद्यालयांत आज दोन प्रकारचे अध्यापक आहेत. एक आमच्यासारखे कायम नेमणुकीचे. दुसरे तासिका तत्त्वावरचे, म्हणजे जितके तास घेतले तितक्यांचेच पैसे मिळणारे. दुसऱ्या प्रकारच्या अध्यापकापाशीं पदव्युत्तर पदवी आहे, नेट किंवा सेट आहे, पुष्कळदां डॉक्टरेटहि आहे. तो त्याच वर्गांत, त्याच फळ्यावर, तोच विषय शिकवितो. त्याचें वर्षाचें उत्पन्न आमच्या उत्पन्नाच्या पांचव्या हिश्श्याइतकेंहि भरत नाहीं, आणि सुटीच्या महिन्यांत तें शून्य असतें. अशा एका तरुण सहकाऱ्यानें एकदां चहा घेतां घेतां म्हटलें, “सर, आपला दोघांचा तास एकाच घंटेला सुरू होतो आणि एकाच घंटेला संपतो.” त्यांत कडवटपणा नव्हता, गणित सांगावें तसें त्यानें तें सांगितलें. आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्ही त्याच्याहून चांगले शिकवितों असें म्हणावयाची सोय नव्हती, कारण तें खरें नव्हतें. आम्ही नोकरीला लागलों तेव्हां जागा भरल्या जात होत्या. तो आला तेव्हां त्या भरणें थांबलें होतें. एवढाच काय तो फरक. जन्माचें साल हें कांहीं कोणाचें कर्तृत्व नव्हे.

जन्माचें साल जर एवढा फरक करतें, तर जन्माचें घर किती करीत असेल?

आपल्याकडे जन्माच्या घरावरून काम आणि कामावरून वांटा ठरविण्याची पद्धति किती काटेकोर होती हें त्रिंबक नारायण आत्रे ह्यांच्या १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘गांवगाडा’ ह्या ग्रंथावरून कळतें. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत, आणि सुगीच्या वेळीं खळ्यावर प्रत्येकाला आपल्या ओळीप्रमाणें धान्य मिळे. चमत्कार असा कीं, जुन्या कांहीं याद्यांत महाराचें नांव थोरल्या ओळींत आणि भटाचें धाकट्या ओळींत आढळतें. म्हणजे गांवाला महाराच्या कामाची गरज अधिक, हें हिशेबानें मान्य केलें होतें. तरी महाराला वेशीबाहेर ठेवून भटाला ओसरीवर बसविण्यांत कोणाला विसंगति वाटली नाहीं. वांट्याचा हिशेब एक आणि मानाचा हिशेब दुसरा. पुढें पैशाचा व्यवहार वाढला, बलुतें मोडलें, आणि धान्याचा वांटा गेला; परंतु मानाचा हिशेब तेवढा शिल्लक राहिला, आणि कारखान्यांत, कचेरींत, बँकेंत आतां मजुरी त्याच हिशेबानें ठरूं लागली. संतांनीं कुंभाराचें मडकें, माळ्याचा मळा आणि चोखोबाची सेवा विठ्ठलाच्या दारीं समान ठरविली. खळ्यावरची माणसें तें ऐकून गहिंवरलीं, आणि घरीं परत येऊन त्यांनीं वांटे पूर्वींप्रमाणेंच घातले.

फुलंब्रीच्या बाबतींत ह्या सामान्य इतिहासावर आणखी एक थर चढला आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. कचेरीची भाषा उर्दू, १९१८ सालीं निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाची भाषाहि उर्दू. पुण्याकडील मुलाला जें शिक्षण मातृभाषेच्या आधारानें मिळे तें येथील मराठी मुलाला परक्या लिपींतून मिळवावें लागे. मग मिळविणारे थोडे निघाले ह्यांत नवल काय? डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें, तेंच पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून नांवाजलें. मराठवाडा विद्यापीठ त्यानंतर, १९५८ सालीं निघालें. पुण्यामुंबईच्या घरांत चौथी पिढी पदवी घेत होती तेव्हां येथें पहिली पिढी दाखला काढीत होती. आणि ज्या मुसलमान कुटुंबांना जुन्या राजवटींत सरकारी चाकरीचा आधार होता त्यांचाहि आधार राजवटीबरोबर गेला. हिमरू विणणारे जे कारागीर ह्या शहराचें भूषण होते त्यांच्यापाशीं हुन्नर उरला, गिऱ्हाईक उरलें नाहीं. मुसलमान समाजांत पगारी नोकरीचें प्रमाण कमी आणि स्वतःच्या लहानसहान धंद्यावर पोट भरण्याचें प्रमाण अधिक आहे, असें सच्चर समितीनें २००६ च्या अहवालांत नोंदविलें. गॅरेजांत, फळांच्या गाड्यांवर आणि वेल्डिंगच्या दुकानांत तें कोणासहि दिसण्यासारखें आहे.

आतां जमीनवाल्याकडे वळूं. मराठा म्हणजे जमीन, आणि जमीन म्हणजे प्रतिष्ठा, असें समीकरण गांवगाड्यांत होतें. त्या समीकरणाचें आज काय झालें आहे? राष्ट्रीय नमुना पाहणीनें २०१८-१९ सालीं शेतकरी कुटुंबांच्या उत्पन्नाची मोजदाद केली. सबंध देशांत शेतकरी कुटुंबाचें सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघालें. त्यांत पिकापासून ३,७९८ रुपये, आणि मजुरी-पगारापासून ४,०६३ रुपये. हे दोन आंकडे शेजारीं ठेवून वाचावे. ज्याला आपण शेतकरी म्हणतों तो पिकावर जितकें मिळवितो त्याहून अधिक दुसऱ्याच्या कामावर मिळवितो. नांव बळीराजाचें, उत्पन्न मजुराचें. जमीन वांटण्यांत तुकडे झालेली, पाऊस बेभरवशाचा, आणि मुलाचें लग्न ठरवितांना मुलीचा बाप सात-बारा पाहण्याआधीं नोकरी विचारतो.

२०२३ सालीं जालना जिल्ह्यांतील आंतरवाली सराटी येथून जें आंदोलन पेटलें त्याच्या मुळाशीं ही वस्तुस्थिति आहे. मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयानें ५ मे २०२१ रोजीं रद्द केला; २०२४ सालीं दहा टक्क्यांचा नवा कायदा झाला; आणि २ सप्टेंबर २०२५ रोजीं हैदराबाद संस्थानाच्या जुन्या गॅझेटिअरांतील कुणबी नोंदींचा आधार मान्य करणारा शासननिर्णय निघाला. लगेच इतर मागासवर्गीयांत भीति उत्पन्न झाली कीं आपल्या ताटांतली भाकरी आतां आणखी वांटली जाणार. आणि बंजारा समाजानें तेंच गॅझेटिअर पुढें करून अनुसूचित जमातींत जागा मागितली. त्यांचें म्हणणें ऐकण्यासारखें आहे. १९५६ सालीं हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले. जो लमाण तेलंगणाच्या बाजूस राहिला तो १९७६ च्या कायद्यानें अनुसूचित जमातींत गेला. जो मराठवाड्यांत राहिला तो विमुक्त जातींत राहिला. भाषा एक, तांडा एक, सोयरीक एक. मधून एक रेघ गेली आणि दोन भावांचीं भविष्यें निराळीं झालीं.

ह्या वादांत कोणाची मागणी कायद्यानें टिकेल हें सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु एक गोष्ट आमच्या ध्यानांत येते. ज्या सरकारी खुर्च्यांसाठीं हा कलह आहे त्या अगदीं थोड्या आहेत. आणि ज्यांना त्या मिळणार नाहींत त्यांच्यासाठीं जीं कामें उरलीं आहेत तीं दिवसेंदिवस अधिक बेभरवशाचीं होत आहेत. बजाजचा कारखाना १९८५ सालीं वाळूजला आला तेव्हां कारखान्यांतली नोकरी म्हणजे जन्माची भाकरी असा गांवांचा विश्वास होता. आज देशांतील नोंदलेल्या कारखान्यांत दर शंभर कामगारांत सुमारें चाळीस कंत्राटी आहेत. खुर्च्यांवरचा कलह जातींचा दिसतो. त्याच्या मुळाशीं खुर्चीबाहेर उभ्या असलेल्या सर्वांचें भय आहे, आणि हें भय सर्व जातींत आतां सारखेंच पसरलें आहे.

तरी बाहेर पडण्याची वाट सर्वांस सारखी मोकळी आहे काय? अझीम प्रेमजी विद्यापीठाच्या २०२३ च्या अहवालांत ह्याचें एक माप दिलें आहे. बाप रोजंदारीवर असेल तर मुलगाहि रोजंदारीवरच राहतो असें शेंकडा किती घरांत घडतें? २००४ सालीं अनुसूचित जाति-जमातींत हें प्रमाण ८६ होतें आणि इतर जातींत ८३. म्हणजे जवळजवळ सारखें. २०१८ सालीं तें इतरांत ५३ वर उतरलें, अनुसूचित जाति-जमातींत मात्र ७६ वरच अडलें. चौदा वर्षांत दार उघडलें खरें. पण दोघांना सारखें नव्हे.

दार कोठें अडतें ह्याचा शोध डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅट्टवेल ह्या दोघांनीं घेतला. थोरात हे विदर्भांतल्या खेड्यांत वाढलेले आणि औरंगाबादेच्या मिलिंद महाविद्यालयांत शिकलेले. वर्तमानपत्रांतील खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींस त्यांनीं अर्ज धाडले. पात्रता सारखीच, फरक फक्त नांवांत. एक नांव सवर्ण हिंदूचें वाटावें असें, एक दलिताचें, एक मुसलमानाचें. २००७ सालीं त्यांनीं निष्कर्ष प्रसिद्ध केला: सवर्ण नांवाच्या तुलनेंत दलित नांवाला मुलाखतीचें बोलावणें येण्याची शक्यता सुमारें दोन तृतीयांश, आणि मुसलमान नांवाला एक तृतीयांश. हे मालक कांहीं दुष्ट होते असें नाहीं. ते सुशिक्षित, सभ्य, आपल्या मेरिटवर विश्वास असणारे गृहस्थ असावेत. त्यांनीं अर्ज वाचला, आणि नांवापाशीं त्यांचा हात थोडा अडखळला, इतकेंच.

बायकांच्या कमाईचा हिशेब ह्याहून अंधारांत आहे. मराठवाड्यांतून ऊसतोडीला जाणारीं जोडपीं ‘कोयता’ ह्या नांवानें मोजलीं जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातीं पडते आणि ती दोघांच्या अंगमेहनतीनें फिटते. मोळी बांधणारी, डोक्यावरून गाडीपर्यंत नेणारी, पहाटे भाकऱ्या थापून मग फडांत उतरणारी बाई हिशेबाच्या वहींत कोयत्याचा अर्धा भाग म्हणूनहि निराळी दिसत नाहीं. कोणत्या जातीची मिळकत किती असें आपण विचारतों तेव्हां त्या जातीच्या निम्म्या माणसांची मिळकत आपण बहुधा विचारलेलीच नसते.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो आमच्याच घरांतून येईल. वाचक म्हणतील, “आमच्या वाडवडिलांना कोणीं काय दिलें? तेहि दरिद्रीच होते.” हा आक्षेप खरा आहे. आमचे आजोबा वार लावून शिकले. सोमवारीं एका घरीं, मंगळवारीं दुसऱ्या घरीं; एखादा वार रिकामा गेला तर पाणी पिऊन झोपावयाचें. ही गोष्ट आमच्या घरांत अभिमानानें सांगितली जाते, आणि लहानपणीं ती ऐकून आम्हीं मनाशीं ठरविलें होतें कीं आमच्या घराण्यानें जें मिळविलें तें स्वतःच्या हिमतीवर मिळविलें. पुढें एका विद्यार्थ्यानें आम्हांस सहज विचारलें, “सर, वार लावायला माझे आजोबा त्याच दारांत गेले असते तर?” तो विद्यार्थी मातंग समाजांतला होता. त्या प्रश्नानें आमच्या आजोबांची गोष्ट खोटी ठरली नाहीं; परंतु तिचा अर्थ बदलला. आजोबा उपाशी होते, हें खरें. तरी ज्या सात दारांत ते उभे राहिले तीं सातहि दारें त्यांच्यासाठीं उघडत होतीं. कोणी त्यांना ओसरीवर पान मांडून वाढीत होतें, कोणी पुस्तक देत होतें, आणि शिक्षण संपल्यावर त्यांच्यापैकींच कोणीं चिठ्ठी लिहून त्यांना पहिली नोकरी मिळवून दिली. आमच्या घरांत दारिद्र्य होतें, पण दार होतें. त्या विद्यार्थ्याच्या आजोबांपाशीं दारिद्र्यहि होतें आणि दार नव्हतें. दारिद्र्य दोघांचें सारखें मोजतां येईल. दार कोणत्या पाहणींत मोजतात?

म्हणून कमाई कोणाची, ह्या प्रश्नाला आमचें उत्तर असें आहे. कष्ट ज्याचे त्याचे. परंतु कष्टाला फळ येण्यासाठीं जीं दारें उघडीं लागतात तीं ज्याचीं त्याचीं नसतात. तीं कोणीतरी बांधलेलीं असतात, आणि बहुधा कोणासाठीं तरी बंद ठेवूनच तीं आपल्यासाठीं उघडीं राहिलेलीं असतात. आमच्या पगारांत आमची मेहनत आहे. त्यांतच आजोबांना वाढणारीं सात घरें आहेत, नोकरीच्या वेळीं उघडी असलेली जागा आहे, आणि ज्या स्पर्धकांना कधीं परीक्षेच्या दालनापर्यंत पोंचतांच आलें नाहीं त्यांची अनुपस्थितीहि आहे. ह्यांतला आमचा निखालस वांटा किती, हें आम्हांस खरोखरच वेगळें काढतां येत नाहीं.

हें मान्य केलें तर समाजासाठीं जें देतों त्याला दान म्हणतां येत नाहीं. तें देणें ठरतें. आणि ह्या देण्याची एक छोटी ओळ पगारदार माणसाच्या पगारपत्रकांत दर महिन्याला छापलेली असते. ‘व्यवसाय कर’: दोनशें रुपये, फेब्रुवारींत तीनशें. बहुतेकांना ही ओळ कशासाठीं आहे हें ठाऊक नसतें. वि. स. पागे ह्यांनीं १९६५ सालीं सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्यांत जो प्रयोग केला त्यांतून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळांत तिची परीक्षा झाली. १९७७ सालीं कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलांत आला. मागेल त्याला काम, आणि बाईला व पुरुषाला एकच दर. तिच्या खर्चाकरितां १९७५ सालीं हा कर बसविण्यांत आला. शहरांतल्या पगारदारानें खेड्यांतल्या मजुराच्या कामासाठीं आपल्या पगारांतून कांहीं द्यावें, असा तो उघड करार होता. फुलंब्रीच्या रस्त्यावरील दोन प्रवाहांना जोडणारा एक धागा कायद्यानेंच विणला होता.

पण त्या धाग्याची जाडी पाहा. घटनेच्या २७६ व्या कलमानें ह्या कराची वार्षिक मर्यादा ठरविली आहे. ती पूर्वीं अडीचशें रुपये होती. १९८८ सालीं अडीच हजार झाली. तेव्हांपासून ती तेथेंच आहे. त्या काळांत पगार कितीपट वाढले तें आमच्या पिढीला सांगावयास नको. शिवाय महिना दहा हजारांवर मिळविणारा कंत्राटी कामगार आणि त्याच्या वीसपट मिळविणारा प्राध्यापक, दोघेहि पुरुष असतील तर, दोघांची ही ओळ अगदीं एक आहे: दोनशें रुपये. आणि २०२४-२५ सालीं महाराष्ट्रांत रोजगार हमीच्या कामावर एका दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. म्हणजे आमचें महिन्याचें देणें त्या मजुराच्या एका दिवसालाहि पुरत नव्हतें.

जनगणनेंतून सर्व जातींचे आंकडे १९३१ नंतर प्रसिद्ध झाले नव्हते. जनगणनेंत जात नोंदविण्याचा निर्णय केंद्र सरकारनें २०२५ च्या एप्रिलांत घेतला. आंकडे आल्यावर भांडणें होतील, पण अंधारांत भांडण्यापेक्षां तीं बरीं. तथापि आंकड्यांची वाट पाहत बसावें लागेल असेंहि नाहीं. तासिकेवरच्या सहकाऱ्याला रास्त वेतन मिळावें ह्या निवेदनावर सही करावयाला, घरीं काम करणाऱ्या बाईला सुटीच्या महिन्याचे पैसे द्यावयाला, नोकरीचे अर्ज चाळतांना नांवापाशीं आपला हात अडखळतो काय हें पाहावयाला, आणि मुलांना आजोबांची गोष्ट सांगतांना ती दारांसकट सांगावयाला कोणत्याहि जनगणनेची गरज नाहीं. ह्यानें गांवगाड्याचीं शतकें पुसलीं जाणार नाहींत हें आम्हांस कळतें. आम्हीं स्वतः ह्यांपैकीं किती केलें, असें वाचकांनीं विचारल्यास उत्तर फारसें समाधानकारक नाहीं. निवेदनावर सही केली, तीहि दोन वर्षें उशिरा.

फुलंब्रीचें काम संपलें त्या दिवशीं संध्याकाळीं आम्ही मोटारींतून शहराकडे परत निघालों. समोरून येणाऱ्या एस.टी.ला गर्दी होती. सिमेंटानें पांढरे झालेले हात खिडकीच्या गजांवर दिसत होते. आमच्या मोटारींत नव्या वेतन आयोगाच्या गोष्टी चालल्या होत्या. दोन्ही गाड्या एकमेकींच्या जवळून गेल्या, आणि आमच्यापैकीं कोणी मान वर करून पाहिलें नाहीं.